नॉर्डालचा गुन्हा काय?

मित्रहो, आणि हा अंक चुकून स्टाफरूममध्ये उघडला गेलाच तर सर आणि मॅडमहो,

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझी शाळेची सगळी वर्षं कॉन्व्हेंटमध्ये गेली. तिथे मराठीचा तास सोडून मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा. त्यामुळे माझं मराठी बरंचसं आजीचं आणि उरलेलं हॉस्टेलचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पदरात घ्या. मराठी विभागाच्या संपादकाने 'दोन-तीन पानं दे, विषय कुठलाही चालेल, फक्त प्रेमावर कविता नको' असं सांगितलं तेव्हाच ठरवलं की एका फुटबॉलपटूवर लिहायचं. फुटबॉलपटू स्वीडनचा, आणि तोही १९४८ सालचा. हसू नका. आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

झालं असं की, गेल्या सेमिस्टरला इंटर-कॉलेजसाठी फुटबॉल टीमची यादी लागली आणि तिच्यात माझ्या रूममेटचं नाव नव्हतं. जे मॅच बघायला ग्राउंडवर येतात त्यांना वेगळं सांगायला नको. जे येत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच, की गेल्या वर्षी आपल्या टीमने जेवढे गोल केले त्यातले निम्म्याहून जास्त याच्या पायातून निघाले. मग नाव का नाही? तर मे महिन्याच्या सुट्टीत तो गावाकडे एका मंडळाकडून सेव्हन-अ-साइड टूर्नामेंट खेळला आणि मंडळाने त्याला मॅचमागे आठशे रुपये दिले. चार मॅच, बत्तीसशे रुपये. त्यातून त्याने मेसची थकबाकी भरली. ही बातमी कुणीतरी जिमखान्यात पोचवली (कुणी ते आम्हाला माहीत आहे, असो) आणि एका जुन्या फाइलमधून एक वाक्य बाहेर आलं: मोबदला घेऊन खेळलेला विद्यार्थी कॉलेजचं प्रतिनिधित्व करू शकणार नाही.

आम्ही चौघं सरांना भेटायला गेलो. सर मनाने चांगले आहेत, आम्हाला चहाही पाजला. म्हणाले, "अरे, खेळ हा खेळासाठी खेळायचा असतो. पैसा आला की खेळ संपला. ऑलिंपिकचं स्पिरिट हेच आहे." रूममेट गप्प बसला. मीही गप्प बसलो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नंतर सापडलं, तेही एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री दोन वाजता, जेव्हा माणूस लाप्लास ट्रान्सफॉर्म सोडून जगातलं काहीही वाचायला तयार असतो.

एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो समोर आला. लंडन, वेम्ब्ली, १९४८ च्या ऑलिंपिकची सेमीफायनल, स्वीडन विरुद्ध डेन्मार्क. गोलच्या जाळीत एक धिप्पाड माणूस उभा आहे आणि त्याने बॉल हातात झेललाय. मला वाटलं गोलकीपर असेल. पण तो स्वीडनचा सेंटर फॉरवर्ड निघाला! झालं होतं असं, की स्वीडनचा हल्ला चालू असताना आपण ऑफसाइड होतोय हे त्याच्या लक्षात आलं. आपल्यामुळे गोल रद्द होऊ नये म्हणून हा पठ्ठ्या सरळ मैदान सोडून गोलच्या जाळीत जाऊन उभा राहिला. तेवढ्यात त्याचा साथीदार हेन्री कार्लसन याने हेडर मारला आणि बॉल जाळीत थांबलेल्या याच्याच हातात येऊन पडला. गोल मान्य झाला. स्वीडनने ती मॅच ४-२ जिंकली. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत या माणसाने सात गोल केले, पण या मॅचमध्ये स्वतःचा एकही नाही.

त्याचं नाव गुन्नार नॉर्डाल. पेशाने फायरमन. हो, अग्निशमन दलातला जवान.

नॉर्डालचा जन्म १९ ऑक्टोबर १९२१ चा, गाव हर्नेफोर्स. स्वीडनच्या उत्तरेकडे, समुद्राकाठी, कागदाच्या लगद्याची गिरणी हीच ज्याची ओळख असं छोटं गाव. घरात पाच भाऊ फुटबॉल खेळणारे आणि पाचही जण पुढे स्वीडनच्या सर्वोच्च लीगपर्यंत पोचले. (आमच्या बिल्डिंगमध्ये दोघा भावांना एक बॅट पुरत नव्हती.) गुन्नार आधी गावच्या क्लबकडून खेळला, १९४० मध्ये डेगरफोर्सला गेला आणि १९४४ मध्ये नॉर्शपिंगला. नॉर्शपिंग म्हणजे कापडगिरण्यांचं शहर, ज्याला तिकडचे लोक स्वीडनचं मँचेस्टर म्हणायचे. तिथेच तो अग्निशमन दलात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात गोल. नॉर्शपिंगसाठी ९५ लीग मॅचमध्ये ९३ गोल. एकदा लांड्सक्रूनाविरुद्ध एकाच मॅचमध्ये सात. १९४५ ते १९४८ अशी सलग चार वर्षं नॉर्शपिंग स्वीडनचं चॅम्पियन होतं आणि १९४७ मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नॉर्डालला 'गोल्डन बॉल' मिळाला. त्याच वर्षी ग्लासगोला ग्रेट ब्रिटनविरुद्ध उर्वरित युरोप अशी मॅच झाली. युरोप ६-१ असं सपाटून हरलं. युरोपचा एकमेव गोल याचा.

देशासाठी ३३ मॅच, ४३ गोल. हे आकडे पुन्हा वाचा. मॅचला एकाहून जास्त गोल. आणि स्वीडनची जर्सी सुटली तेव्हा त्याचं वय सत्तावीस होतं, म्हणजे स्ट्रायकरचा खरा बहर जेव्हा सुरू होतो तेव्हा.

१९४८ च्या ऑलिंपिकची फायनल १३ ऑगस्टला वेम्ब्लीवर झाली. युगोस्लाव्हियाला ३-१ हरवून स्वीडनने सुवर्ण घेतलं, गुन्नार ग्रेनचे दोन आणि नॉर्डालचा एक. आदल्याच दिवशी, म्हणजे १२ ऑगस्टला, त्याच वेम्ब्लीवर आपल्या हॉकी टीमने ब्रिटनला ४-० हरवून स्वतंत्र भारताचं पहिलं सुवर्ण घेतलं होतं. आपली फुटबॉल टीमही त्या स्पर्धेत होती. बहुतेक जण अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि फ्रान्सकडून २-१ हरले. आणि आपले खाशाबा जाधव तिथे कुस्तीत सहावे आले. खाशाबांचं नाव मी कॉन्व्हेंटमध्ये कधीच ऐकलं नाही, हॉस्टेलला आल्यावर कोल्हापूरच्या पोरांनी ऐकवलं. त्यांच्याकडे परत येतोच.

तर सुवर्णपदकाच्या टीममध्ये नॉर्डाल भाऊ तीन होते: बर्टिल, क्नूट आणि गुन्नार. टीमचा कोच जॉर्ज रेनॉर नावाचा इंग्रज. देश खूष. आणि मग जानेवारी १९४९ मध्ये गुन्नार नॉर्डालने 'गुन्हा' केला. इटलीतल्या मिलान क्लबने बोलावलं आणि फायरमनची नोकरी सोडून तो पगारावर फुटबॉल खेळायला गेला.

स्वीडनमध्ये तेव्हा फुटबॉल हौशी होता. खेळासाठी पगार घ्यायचा नाही, घेतला तर तुम्ही 'व्यावसायिक', आणि राष्ट्रीय संघ व्यावसायिकांना निवडत नसे. नियम नुसता कागदावर नव्हता. १९३४ मध्ये माल्मो क्लबला खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल सर्वोच्च लीगमधून काढून टाकलं होतं. त्यामुळे नॉर्डाल ज्या दिवशी मिलानला गेला त्या दिवशी त्याच्यासाठी स्वीडनची जर्सी संपली. वय सत्तावीस, ४३ गोल, आणि पूर्णविराम. तो कुठलाही वर्ल्ड कप कधीच खेळला नाही. १९४२ आणि १९४६ चे वर्ल्ड कप युद्धामुळे झालेच नाहीत, आणि १९५० चा आला तेव्हा हा 'धंदेवाईक' झालेला होता.

जरा आपली भाषाच बघा. डॉक्टर पैसे घेतो तेव्हा तो व्यावसायिक. खेळाडू पैसे घेतो तेव्हा तो धंदेवाईक. माझं मराठी कच्चं असेल, पण एवढा फरक मलाही कळतो.

मिलानमध्ये त्याने काय केलं ते सांगतो, कारण 'पैसा आला की खेळ संपला' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आल्या आल्या उरलेल्या अर्ध्या मोसमात १५ मॅच, १६ गोल. मग १९४९ च्या उन्हाळ्यात त्याचे ऑलिंपिकचे दोन साथीदारही मिलानला आले: गुन्नार ग्रेन, ज्याला लोक 'प्रोफेसर' म्हणत, आणि निल्स लीडहोल्म. तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून इटालियन लोकांनी 'ग्रेनोली' असं एकच नाव केलं. ५ फेब्रुवारी १९५० ला मिलानने युव्हेंटसला त्यांच्याच घरी, तुरिनला, ७-१ धुतलं. नॉर्डालचे तीन, ग्रेनचा एक, लीडहोल्मचा एक. त्या मोसमात मिलानने ११८ गोल केले (आणि तरी लीग युव्हेंटसनेच जिंकली, फुटबॉल असाच आहे). एकट्या नॉर्डालचे ३५. हा आकडा कुणाला ओलांडता येईना. सहासष्ट वर्षं गेली, तेव्हा कुठे २०१६ मध्ये हिग्वाइनने ३६ केले.

१९५१ मध्ये मिलान लीग जिंकलं. त्याआधी त्यांनी ती १९०७ मध्ये जिंकली होती, म्हणजे ४४ वर्षांचा उपास सुटला. कोच होता लायोश चाइझलर, तोच हंगेरियन ज्याने नॉर्शपिंगला नॉर्डालला घडवलं होतं. १९५५ मध्ये लीग पुन्हा मिलानची. पाच वेळा नॉर्डाल इटलीचा टॉप स्कोअरर झाला आणि हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. मिलानसाठी सगळ्या स्पर्धा मिळून २२१ गोल, अजून क्लबमधला कुणी तिथवर पोचलेला नाही. इटालियन लीगमध्ये मिलान आणि नंतर रोमा मिळून २२५, पिओला आणि तोत्तीनंतर तिसरा, आणि परदेशी खेळाडूंमध्ये आजही पहिला. इटालियन लोक त्याला प्रेमाने 'इल पोम्पिएरे' म्हणायचे. म्हणजे काय? फायरमन! नोकरी सुटली, टोपणनाव सुटलं नाही.

आता सांगा, पैसा आल्यावर यातलं नक्की काय संपलं?

आता माझ्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा मीच सांगतो, नाहीतर डिबेट सोसायटीवाले कँटीनमध्ये पकडतील. १९५० चा ब्राझीलमधला वर्ल्ड कप. स्वीडनच्या गटात इटली, पराग्वे आणि चौथा देश कुठला? भारत! आपण गेलोच नाही, ऐनवेळी माघार घेतली. अनवाणी खेळायला परवानगी नव्हती म्हणून गेलो नाही ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण खरी गोष्ट बहुधा एवढी रंजक नाही. आपल्याकडे तेव्हा ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपची किंमतच नव्हती. असो. तर स्वीडनने नॉर्डाल, ग्रेन, लीडहोल्म या तिघांनाही न घेता टीम पाठवली. पहिलीच मॅच गतविजेत्या इटलीशी. आणि स्वीडनची पोरं ३-२ जिंकली! पुढे ब्राझीलने त्यांना ७-१ असं बदडलं हे खरं, पण शेवटी स्पेनला हरवून ते जगात तिसरे आले. म्हणजे नियम पाळूनही काम झालं की! उलट जुन्यांना बाहेर ठेवलं म्हणून नव्यांना जागा मिळाली असंही कुणी म्हणेल.

हा मुद्दा मी दोन दिवस चघळला. पण त्यानंतर काय झालं ते बघा. इटलीला ज्यांनी हरवलं त्यांनाच इटलीने उचललं. नाका स्कोग्लुंड इंटरला गेला. इटलीविरुद्ध दोन गोल करणारा हासे येपसन आधी आटालांटाला आणि मग १९५२ मध्ये नापोलीला गेला, किंमत साडेदहा कोटी लिरा. जो जो चांगला खेळला तो तो नियमाने बाद. म्हणजे स्वीडनच्या फेडरेशनने अशी चाळणी बनवली होती की दाणे खाली पडावेत आणि फोलपटं वर राहावीत. १९५४ मध्ये ही चाळणी उघडी पडली. पात्रता गटात बेल्जियम आणि फिनलंड होते, बेल्जियम पुढे गेलं आणि स्वीडन घरी बसलं. त्याच १९५४ मध्ये जगातल्या सगळ्यात कठीण लीगचा टॉप स्कोअरर कोण होता? गुन्नार नॉर्डाल, स्वीडनचा नागरिक.

तिसरे आलो म्हणून नियम बरोबर, हे लॉजिक मला पटत नाही. माझ्या एका मित्राने जर्नल न लिहिता ओरल्स काढल्या, म्हणून जर्नल बंद करायचं का? (ही सूचना मात्र स्टाफने गांभीर्याने घ्यायला हरकत नाही.)

आणि मला सगळ्यात जास्त डोक्यात गेली ती गोष्ट वेगळीच. कोच रेनॉर. हा माणूस इंग्लंडमध्ये छोट्या-मोठ्या क्लबांकडून पैसे घेऊन खेळलेला, सरळसरळ व्यावसायिक. स्वीडिश फेडरेशनने त्याला पगार देऊन आणलं. म्हणजे शिकवणारा पगारी चालतो, खेळणारा पगारी चालत नाही. तिकीट विकणारा पगारी, गवत कापणारा पगारी, मॅचची बातमी लिहिणारा पगारी, तिकिटाचा गल्ला फेडरेशनचा. सगळ्या स्टेडियममध्ये पैशाने फक्त बावीस जणांचं चारित्र्य बिघडणार होतं! आपल्याकडेही इंटर-कॉलेजच्या आधी पंधरा दिवस बाहेरून कोच येतात, त्यांना मानधन मिळतं आणि मिळायलाच पाहिजे. ते मला फार आवडतात. मी फक्त विचारतोय की मग बत्तीसशे रुपयांनीच खेळ कसा संपला?

हौशी या शब्दामागचा इतिहासही तसा साजूक नाही. ही कल्पना इंग्लंडमधल्या खाऊनपिऊन सुखी लोकांची. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी होत्या त्यांना खेळासाठी पैसे नको होते, कारण ते आधीच होते. गिरणी कामगाराला मात्र एक दिवस मॅचला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौशी खेळाडूला मेसचं बिल असतं.

नियमाने कोण बळी पडायचं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरणही स्वीडनमध्येच घडलं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जिम थॉर्पने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकली. थॉर्प मूळ अमेरिकन जमातीतला. नंतर कळलं की तो विद्यार्थी असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत थोड्या पैशांसाठी छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळला होता. सुट्टीत. थोड्या पैशांसाठी. दुसराच खेळ! १९१३ मध्ये त्याची दोन्ही सुवर्णं काढून घेतली. तो १९५३ मध्ये वारला, पदकं परत मिळाली १९८३ मध्ये, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव परत लागलं २०२२ मध्ये. एकशे दहा वर्षं लागली. हे वाचल्यावर मी रूममेटला उठवून वाचायला लावलं. तो म्हणाला, "पेपर आहे, झोप." आणि कूस बदलली.

दुसरीकडे हंगेरी, सोव्हिएत रशिया वगैरे देशांनी शक्कल लढवली. खेळाडूला सैन्यात किंवा सरकारी खात्यात नोकरी द्यायची आणि दिवसभर फक्त खेळवायचं. पुश्काश कागदोपत्री सैन्यातला अधिकारी होता, म्हणून तो हौशी, आणि खराखुरा आग विझवणारा नॉर्डाल धंदेवाईक! १९५२ ते १९८० ऑलिंपिक फुटबॉलचं प्रत्येक सुवर्ण अशाच पूर्व युरोपातल्या देशांनी नेलं. नियम प्रामाणिक माणसाला लागला, हुशार माणसाला लागला नाही. आपल्या टीममध्येही सुट्टीत पैसे घेऊन खेळलेला हा एकटाच आहे असं मला वाटत नाही. त्याने ते लपवलं नाही एवढंच.

आणि खाशाबा. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी, खर्डेकर सरांनी, स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ही गोष्ट ऐकून सगळ्यांचे डोळे भरतात, माझेही भरले. पण इंजिनीअरच्या डोक्याने विचार केला तर ही सिस्टिम फेल झाल्याची गोष्ट आहे. खेळाचा खर्च असतोच. कुणीतरी तो भरतो. एक तर खेळाडू स्वतः कमावून भरतो, नाहीतर कुणाचं तरी घर गहाण पडतं.

नॉर्डालच्या गोष्टीचा शेवट मला अजून टोचतो. १९५८ चा वर्ल्ड कप स्वीडनमध्येच होता. आता घरी पाहुणे येणार म्हटल्यावर फेडरेशनला अक्कल आली आणि इटलीत खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघाचे दरवाजे उघडले. ग्रेन ३७ वर्षांचा, तरी आला. लीडहोल्म ३५ वर्षांचा, कॅप्टन झाला. स्कोग्लुंड आला, हामरिन आला. कोच पुन्हा रेनॉर. टीम थेट फायनलला पोचली. २९ जून, रासुंडा स्टेडियम, समोर ब्राझील, आणि चौथ्याच मिनिटाला लीडहोल्मचा गोल! पुढे पेले नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने दोन गोल केले आणि ब्राझील ५-२ जिंकलं, ते सोडा. ज्यांना आठ वर्षं 'चालणार नाही' म्हणून बाहेर ठेवलं त्यांच्याच जोरावर स्वीडन जगात दुसरं आलं. फुटबॉलमध्ये स्वीडनला त्याहून वर आजपर्यंत जाता आलेलं नाही.

त्या टीममध्ये नॉर्डाल नव्हता. तो ३६ वर्षांचा होता, रोमामधले त्याचे दिवसही संपले होते. दरवाजा उघडला तेव्हा आत जायची वेळ निघून गेली होती. नियम चुकला होता हे फेडरेशनने १९५८ मध्ये मान्य केलं म्हणायचं, पण नियम दुरुस्त झाला म्हणून त्याला १९५० किंवा १९५४ परत मिळाला नाही. स्वीडनमधले हौशीपणाचे नियम पूर्णपणे गेले ते १९६७ मध्ये. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपच्या स्वीडिश टीममध्ये तोमास नॉर्डाल नावाचा खेळाडू होता. गुन्नारचा मुलगा. तो तेव्हा बेल्जियममध्ये पगारावर खेळायचा आणि कुणी हूं की चूं केलं नाही. गुन्नार नॉर्डाल १९९५ मध्ये वारला, तोही इटलीतच, सार्डिनिया बेटावरच्या आल्गेरो गावी.

स्वीडनच्या गोलांचा विक्रम आज झ्लाटान इब्राहिमोविचच्या नावावर आहे, ६२ गोल. हॉस्टेलमध्ये निदान तीन खोल्यांत त्याचं पोस्टर आहे. झ्लाटानला त्यासाठी १२२ मॅच लागल्या. नॉर्डालला आणखी पाच-सहा वर्षं मिळाली असती तर, हा हिशोब मी रफ पेजवर करून बघितला आणि सोडून दिला. जे झालं नाही त्याचा इंटिग्रल काढता येत नाही.

सरांनी ऑलिंपिकचं नाव घेतलं म्हणून शेवटी ऑलिंपिकचंच सांगतो. तिथे १९८८ पासून टेनिसचे व्यावसायिक खेळतात आणि १९९२ ला बार्सिलोनात अमेरिकेने मायकल जॉर्डनसकट सगळी टीम उतरवली. म्हणजे ज्या स्पिरिटसाठी आमची फाइल राखून ठेवली आहे ते स्पिरिट खुद्द ऑलिंपिकने कधीच सोडून दिलंय. आपल्या जिमखान्याच्या कपाटात मात्र अजून १९४९ साल चालू आहे.

माझं सरांशी भांडण नाही. शंका एकच असू शकते: पैसे घेणारा खेळाडू उद्या कॉलेजची मॅच सोडून मंडळाच्या मॅचला गेला तर? रास्त शंका आहे. मग तसा नियम करा ना! टीममध्ये निवड झाली की कॉलेजच्या प्रॅक्टिसला आणि मॅचला हजर राहायचं, नाही राहिला तर बाहेर. इथे लेक्चरला पंचाहत्तर टक्के अटेंडन्स लागतो, ग्राउंडलाही लावा. पण सुट्टीत त्याने कुठे घाम गाळला आणि त्याचे कुणी किती दिले, हे विचारू नका. सुट्टीत जे ट्यूशन घेऊन कमावतात त्यांना आपण टेक्निकल फेस्टमधून काढत नाही. कोडिंगच्या स्पर्धेत रोख बक्षीस घेतलेल्याचा तर याच मॅगझिनमध्ये फोटो छापून येतो.

आम्ही अर्ज दिला आहे. मेन हॉस्टेल आणि गर्ल्स हॉस्टेल मिळून १४६ सह्या आहेत, त्यात दोन रेक्टर सरांच्याही. 'विचार करू' असं उत्तर आलंय. पुढची यादी ऑगस्टमध्ये लागेल, तेव्हा रूममेट फायनल इयरला असेल.

तो अजून रोज संध्याकाळी साडेपाचला बूट घालून ग्राउंडवर जातो आणि टीममध्ये निवडलेल्या फर्स्ट इयरच्या पोरांना शूटिंग शिकवतो. फुकट.